तिघांचा स्टॉक वेगळा का येतो?

वाचकांचे प्रश्न : कचेरी, कागद आणि संगणक

या महिन्याच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. सॉफ्टवेअर घेतलं, पैसे गेले, ट्रेनिंगही झालं, तरी कामं जुळत नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांत हिशेब आणि स्टोअर्स या दोन्ही टेबलांवर मी काम केलं आहे, त्यामुळे माझं म्हणणं आधीच सांगते. ज्याच्या हातात वस्तू किंवा कागद आहे त्याने जागेवरच एकदा नोंद करायची, आणि पुढच्या प्रत्येकाने त्याच नोंदीचा नंबर धरून काम करायचं. एवढं ठरलेलं असेल तर साधं सॉफ्टवेअरही चालतं. ठरलेलं नसेल तर महागड्या सॉफ्टवेअरच्या शेजारी तीन वह्या उघडल्या जातात.

प्रश्न : गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या) मशिनिंगचं युनिट आहे. फौंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, घेतो, मशिनिंग करून पंप बनवणाऱ्या कंपनीला देतो. ईआरपी (खरेदी, स्टॉक, बिलं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतलं, तरी स्टोअरकीपर वही सोडत नाही, अकाउंट्सचा मुलगा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी एंट्री मारतो, डिस्पॅचवाल्याचं स्वतःचं एक्सेल आहे. महिनाअखेरीला तिघांचा स्टॉक वेगळा. फौंड्रीवाले पेमेंटसाठी रोज फोन करतात. दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का? एका बिलाचे सगळे कागद सोबत पाठवतो आहे. (एक उद्योजक, कोल्हापूर)

उत्तर : आत्ता अजिबात घेऊ नका. तुम्ही बिलाचे कागद पाठवलेत हे फार बरं केलंत. सगळे टेबलावर मांडून बघितले आणि उत्तर त्यांतच सापडलं.

तुमची पर्चेस ऑर्डर २०० नगांची आहे आणि कास्टिंगचं ठरलेलं वजन नगाला १२.५ किलो. फौंड्रीचं बिल २०० नग, २,५३४ किलो, दर किलोवर. तुमच्या काट्याची चिठ्ठीही २,५३४ किलोच सांगते. गेटवर मात्र १९८ नग उतरले, तसं मालासोबत आलेल्या चलनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं आहे. पुढे मशीनवर चढल्यावर सात नगांत ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेली हवेची भोकं, निघाले. ते लाल क्रेटमध्ये पडून आहेत असं तुम्हीच पत्रात लिहिलं आहे.

आता तिघांच्या जागी बसून बघा. अकाउंट्सच्या मुलासमोर बिल आहे, त्याने २०० चढवले. स्टोअरकीपरने नग मोजले, वहीत १९८ लिहिले. डिस्पॅचवाल्याला पुढे पाठवता येतील असे १९१ मिळाले. तिघांपैकी एकानेही चुकीचं लिहिलेलं नाही. एकाच मालाच्या तीन टप्प्यांवरचे हे तीन खरे आकडे आहेत. २०० चे १९८ कसे झाले आणि १९८ चे १९१ कसे झाले, हे सांगणाऱ्या मधल्या दोन नोंदी मात्र तुमच्याकडे कुठेच नाहीत. एक आहे पेन्सिलीत आणि दुसरी क्रेटमध्ये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वजनाची. तुम्ही खरेदी किलोवर करता आणि काम नगावर. २,५३४ ला १९८ ने भागा, नग १२.८ किलोचा पडतो, म्हणजे ठरल्यापेक्षा ३०० ग्रॅम जास्त. १९८ नगांवर हे जवळपास ५९ किलो लोखंड होतं. ते तुम्ही कास्टिंगच्या भावाने घेतलं आणि मशिनिंग करून टर्निंग-बोरिंगच्या, म्हणजे मशीनवर निघणाऱ्या लोखंडी भुशाच्या, भावाने विकलं. वजन बिलाशी जुळतं म्हणून अकाउंट्सला यात काही खटकलं नाही, आणि किलोशी स्टोअरकीपरचा संबंध नाही म्हणून त्यालाही नाही. सॉफ्टवेअरला हे सहज पकडता आलं असतं, पण स्क्रीनच्या फोटोत दिसतं की तुमच्या आयटम मास्टरमध्ये (वस्तूंच्या मूळ यादीत) एकच युनिट टाकलेलं आहे, किलो. तिथे किलो आणि नग ही दोन्ही युनिटं टाका, ठरलेलं वजन टाका आणि किती टक्के कमी-जास्त चालेल तेही टाका. वजनाची वरची मर्यादा फौंड्रीशी बोलून ऑर्डरवरच लिहा. हे एक दुपारचं काम आहे.

मग कामाची वाटणी. गाडी आली की गेटवर इनवर्ड नंबर पडेल. नग मोजणं, काट्याचं वजन आणि चलन नंबर स्टोअरकीपर स्वतः संगणकात टाकेल आणि तिथे जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) नंबर तयार होईल. तो नंबर त्याने बिलावर ठळक लिहायचा. वही बंद करा असं त्याला पहिल्या दिवशी सांगू नका. त्याची वही म्हणजे त्याची जबाबदारी आहे, तिच्यावर त्याचा विश्वास आहे. स्टोअरमध्येच स्क्रीन द्या, एंट्री त्याच्या नावाने होऊ द्या. आपल्या आकड्यात दुसरं कोणी हात घालत नाही हे दिसलं की वही आपोआप मागे पडते. जीआरएन अकाउंट्सच्या माणसाने करायचा, ही जी पद्धत तुमच्याकडे पडली आहे ती मात्र आजच थांबवा. ज्याने माल बघितलेला नाही त्याने माल आल्याची नोंद करायची नाही.

अकाउंट्सचं काम तीन कागद जुळवण्याचं: ऑर्डरचा दर, जीआरएनचं प्रमाण आणि बिल. तिन्ही जुळले की बिल पास. बिलाला जीआरएन नंबर नसेल तर ते पुढे सरकणार नाही, अशी सोय बहुतेक ईआरपीत असते, ती चालू करून घ्या. सात ब्लो होलवाल्या नगांसाठी मशीन शॉपच्या सुपरवायझरने रिजेक्शन नोट करायची आणि तिच्यावर तोच जीआरएन नंबर टाकायचा. मग ८९-९० किलोची डेबिट नोट (बिलातून तेवढी रक्कम वळती करायचा कागद) कोणत्या बिलावर पाडायची हा प्रश्न उरत नाही.

फौंड्रीवाल्यांच्या फोनबद्दल. ती फौंड्री उद्यम नोंदणी असलेली सूक्ष्म किंवा लघु उद्योगातली असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे गेले पाहिजेत. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून आयकरातही याची तरतूद आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, प्रत्यक्ष पैसे देता त्या वर्षी धरला जातो. आणि हे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजायचे. मालाबद्दल हरकत असेल तर तीही माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी लागते, नाहीतर माल आला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे स्टोअरकीपरच्या जीआरएनची तारीख तुमच्या आयकरापर्यंत पोचते आणि सुपरवायझरची रिजेक्शन नोट उशिरा आली तर पैशाचे दिवस माल आल्यापासूनच मोजले जातात. चार टेबलं एकमेकांना बांधलेली असतात ती अशी. कास्टिंग आलं की पहिले पाच-दहा नग लगेच मशीनवर चढवून बघायची शिस्त लावा.

जॉब वर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) पाठवता त्या मालाचंही असंच करा. तुमच्याकडे त्या चलनाला अजून 'सत्तावन्न एफ चार' म्हणतात, एक्साइजच्या काळातलं नाव आहे ते. नाव काहीही ठेवा, पण जाणाऱ्या चलनाचा नंबर परत येणाऱ्या मालाच्या नोंदीत पडलाच पाहिजे. जीएसटीत असा माल एका वर्षात परत यावा लागतो. आला नाही तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं समजून कर लागतो. आयटीसी-०४ हा जॉब वर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म भरताना जुन्या चलनांचे गठ्ठे उपसायची पाळी यायला नको.

टॅली राहू द्या. फक्त तिथे स्टॉक ठेवणं थांबवा. ईआरपीत पास झालेली बिलं एक्सएमएल फाइलने टॅलीत जातील, उलट दिशेने काही येणार नाही. एका आकड्याची दोन घरं ठेवलीत की महिनाअखेरीला पुन्हा भांडण.

प्रश्न : आमचे साहेब सगळ्या मंजुऱ्या व्हॉट्सॲपवर देतात. ग्रुपवर कोटेशनचा फोटो टाकायचा, त्यांनी अंगठा दाखवला की खरेदी मंजूर. हे चालतं का? (एक पर्चेस असिस्टंट, चाकण)

उत्तर : चालतं, पण वाद झाला की तुम्ही अडचणीत याल. एकाच ग्रुपवर दोन पार्टींची कोटेशनं पडली आणि खाली एक अंगठा आला, तर तो कोणत्या दराला होता हे सहा महिन्यांनी कोण सांगणार? साहेबांनी फोन बदलला किंवा मेसेज आपोआप पुसायची सोय चालू असली तर तेवढाही पुरावा राहत नाही. कोर्टात असा मेसेज दाखवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्याची रीत दिली आहे. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, त्यात त्या फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. चार हजारांच्या टूलबिटसाठी ही यातायात कोणी करत नाही.

साहेबांची सवय मोडायला जाऊ नका. आधी पर्चेस ऑर्डरचा मसुदा करा, त्याचा नंबर पडू द्या, मेसेजमध्ये नंबर, पार्टी आणि रक्कम एका ओळीत लिहा आणि साहेबांना विनंती करा की त्याच मेसेजला उत्तर म्हणून 'मंजूर' आणि नंबर लिहा. त्या उत्तराचा फोटो ऑर्डरला जोडून ठेवा.

प्रश्न : मी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स असिस्टंट आहे. आम्ही चौघं एकाच लॉगिनवर काम करतो. मागच्या तिमाहीच्या एका व्हाउचरमध्ये कोणीतरी रक्कम बदलली. ऑडिटरच्या माणसाने बदलाचा इतिहास काढला, त्यात वेळ दुपारची होती आणि त्या वेळी मी टेबलावर होते म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅनेजर म्हणतात की हा इतिहास ठेवणंच बंद करून टाकू. मी काय करू? (नाव दिलेलं नाही, नाशिक)

उत्तर : ताई, तुमच्या पत्राने मन अस्वस्थ झालं. ज्या नोंदीवर नाव कुणाचंच नाही, तिचा दोष तुमच्या माथी मारला जातो आहे आणि हे चूक आहे.

आधी मॅनेजरच्या म्हणण्याबद्दल. तो इतिहास बंद करता येणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी असंच सॉफ्टवेअर वापरायचं आहे ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. वर्षभर ती चालू होती का आणि कोणी तिच्यात ढवळाढवळ केली का, हे ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं. प्रोप्रायटरी आणि भागीदारी फर्मला हा नियम नाही, म्हणून बाजारात अनेकांना तो माहीत नसतो. तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, तुम्हाला आहे. कंपनीची हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात, हा इतिहासही त्यांच्याबरोबर जपायचा.

हा इतिहास तुमच्या विरोधात नाही, तुमच्या बाजूने आहे. तुमच्या वाईटाला कारण झालं ते चौघांत एक लॉगिन. आजच एक ईमेल लिहा, तोंडी सांगू नका: 'मला स्वतंत्र यूजर आयडी द्यावा, आजपर्यंतच्या सामाईक लॉगिनवरच्या नोंदी कोणी केल्या हे ठरवता येत नाही.' भाषा साधी ठेवा, आरोप नको. आयडी मिळाला की पासवर्ड शेजारच्या टेबलालाही सांगायचा नाही, सुट्टीवर जाताना तर मुळीच नाही. जेवायला उठताना स्क्रीन लॉक करा. 'आमच्यावर विश्वास नाही का' असं कोणी म्हणेल. त्यांना सांगा की यात विश्वासाचा संबंध नाही, प्रत्येकाच्या कामावर प्रत्येकाचं नाव असावं एवढंच आहे.

चूक दुरुस्त करायची पद्धतही बदलून घ्या. मागच्या तिमाहीचं व्हाउचर उघडून आकडा खोडायचा नसतो. मूळ नोंद तशीच ठेवून आजच्या तारखेला दुरुस्तीची जर्नल एंट्री करायची, नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या तपशिलात) मूळ व्हाउचरचा नंबर आणि कारण लिहायचं. जुन्या मुनिमजींच्या खातेवहीत खाडाखोड दिसली की मालक पान फाडायला लावत नसत, शेजारी सही करायला लावत. तिमाही संपली, रिटर्न भरलं, की तो काळ सिस्टिममध्ये लॉक करून टाका. लॉक उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे द्या, आणि तो माणूस एंट्री मारणारा नसावा.

प्रश्न : आमचं पगारपत्रक एक्सेलमध्ये आहे. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन' अशा फाइली होतात. शिवाय दोन कामगारांचे पगार बँकेतून परत आले, खाते क्रमांक चुकीचा म्हणे, पण आम्ही बरोबरच टाकला होता. (एका कारखान्याचे टाइम ऑफिस, सातारा)

उत्तर : खाते क्रमांक सोळा अंकी आहेत का ते बघा. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, सोळाव्या जागी शून्य टाकतं आणि त्याबद्दल काही बोलत नाही. सुरुवातीला शून्य असेल तर तेही गळतं. तो कॉलम आधी 'टेक्स्ट' करा आणि मग क्रमांक पुन्हा टाका. आधी टाकून मग टेक्स्ट केलात तर गेलेला अंक परत येत नाही.

एक्सेलला मी नावं ठेवणार नाही, माझं निम्मं आयुष्य त्यावर गेलं आहे. एका माणसाने बसून आकडेमोड करायला त्याच्यासारखं साधन नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर माहिती पोचवायची असली की मात्र ते घात करतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण आठवडाभर आकड्यांतून गायब होते. प्रयोगशाळांकडून आलेले निकाल पुढे पाठवताना जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत भरले जात होते. त्या फाइलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते, नव्या प्रकारात दहा लाखांहून जास्त असते. वरच्या ओळी राहिल्या, खालच्या गळाल्या. रुग्णांना निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधणाऱ्यांकडे ही नावं वेळेत गेलीच नाहीत.

तुमच्या कारखान्यात एवढ्या ओळी नसतील. तरी हजेरी एका जागी, पगाराचा हिशेब एका जागी आणि बँकेला जाणारी फाइल हिशेबातून थेट निघालेली असू द्या. 'फायनल नवीन' उघडून बँकेच्या फाइलीत हाताने चिकटवणं थांबलं पाहिजे. आणि बँकेची फाइल पाठवण्याआधी कामगारांची संख्या आणि एकूण रक्कम, हे दोन आकडे दुसऱ्या माणसाने हजेरीशी ताडून सही करायची.

प्रश्न : तालुक्याच्या पतसंस्थेत लिपिक आहे. वीस-बावीस वर्षांची इतिवृत्तं आणि सभासदांच्या याद्या संगणकावर आहेत, पण शोधायला गेलं की एकही नाव सापडत नाही. नव्या सॉफ्टवेअरवाल्याने सांगितलं की हा डेटा घेता येणार नाही, सगळं पुन्हा टाइप करा. (एक लिपिक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : पुन्हा टाइप करू नका. तुमच्या फाइली कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये आहेत, हे तुम्ही पाठवलेल्या पानावरून कळतं. मराठी टायपिंगच्या पोटात काय आहे हे एकदा समजलं की सगळा उलगडा होतो.

जुन्या फाँटमध्ये अक्षर मराठी दिसतं, पण संगणकाने साठवलेलं असतं इंग्रजी. कृतीदेवमध्ये 'राम' टाइप केलंत की आत जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं जातात. जे म्हणजे र, के म्हणजे काना, ई म्हणजे म. फाँट काढून घेतला की उरतं ते अगम्य. तुम्ही आज फोनच्या कीबोर्डवरून 'राम' लिहून शोधता, ते युनिकोडमध्ये असतं, तिथे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. दोन्ही प्रकारचे शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात आणि संगणकाला त्यांत काहीच साम्य दिसत नाही. श्रीलिपी आणि इतर जुन्या फाँटांचंही असंच होतं, फक्त प्रत्येकाची आतली जुळणी वेगळी. आपल्याकडे हजारो संस्थांची, ग्रामपंचायतींची, वाचनालयांची कित्येक वर्षांची कागदपत्रं अशी बंद पडलेली आहेत. मला या गोष्टीची फार हळहळ वाटते, कारण लिहिणाऱ्यांनी मन लावून लिहिलेलं आहे आणि ते कुणाला शोधता येत नाही.

यावर उपाय म्हणजे कन्व्हर्टर. कृतीदेवमधून युनिकोडमध्ये नेणारे फुकट मिळतात. पण कन्व्हर्ट केलं आणि विसरलं असं करू नका, तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून तपासा. पहिलं, ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते, त्या अदलाबदलीत 'किर्ती', 'मूर्ती' अशी नावं बिघडतात. दुसरं, 'दुसऱ्या', 'वऱ्हाडे', 'गोऱ्हे' यांतला अर्धा र. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरना तो अनेकदा जमत नाही. तिसरं, मजकुरात मधेच आलेली इंग्रजी अक्षरं, खाते कोड, तिरपी रेघ. कन्व्हर्टर त्यांनाही कृतीदेव समजून मराठी करून टाकतो. म्हणून यादीतले आकड्यांचे आणि कोडचे कॉलम वेगळे काढा, फक्त नावांचा आणि पत्त्यांचा कॉलम कन्व्हर्ट करा आणि मग जोडा. मूळ फाइलीची पीडीएफ आधी काढून ठेवा, ठरावाच्या शब्दांवरून कधी प्रश्न आला तर तीच बघावी लागेल.

आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये सभासद ओळखायचा तो सभासद क्रमांकावरून, नावावरून नको. एकाच बाईचं नाव ठेव पावतीवर एक, कर्जाच्या अर्जावर दुसरं आणि आधारवर तिसरं असतं. नाव दुरुस्त करत बसण्याआधी तिन्ही कागदांवर एकच क्रमांक आला पाहिजे. यापुढचं टायपिंग सगळ्यांनी युनिकोडमध्येच करायचं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये आधीपासून असतो, विकत काही घ्यावं लागत नाही, आठ-पंधरा दिवसांत बोटं बसतात.

प्रश्न : तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे. ई-ऑफिस (फाइली संगणकावर हाताळायची सरकारी पद्धत) आलं, पण साहेबांना कागदी नस्तीही (फाइलही) समोर लागते. त्यामुळे टिपणी दोनदा लिहायची, आवक दोनदा नोंदवायची. काम निम्म्याने कमी होईल म्हणाले होते, दुप्पट झालं. (एक कर्मचारी, मराठवाडा)

उत्तर : तुमचा त्रास खरा आहे आणि तो तुम्ही एकट्याने सोडवण्यासारखा नाही, तरी सांगते. दुहेरी पद्धत चालू राहते तोपर्यंत ई-ऑफिसचा फायदा शून्य आणि भार पूर्ण. 'अमुक तारखेनंतरचं नवं प्रकरण फक्त ई-नस्तीवर, जुनी चालू प्रकरणं संपेपर्यंत कागदावर' असा आदेश साहेबांच्याच सहीने काढून घ्या. सगळ्या जुन्या नस्त्या स्कॅन करायच्या मागे लागू नका, त्यात वर्ष जातं.

साहेब कागद मागतात त्याचं कारणही समजून घ्या. नस्ती हातात घेतली की एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार, मागे उलटत गेलं की प्रकरणाचा सगळा प्रवास. अनुभवी माणूस दहा मिनिटांत पानं चाळून कुठे पाणी मुरतंय ते सांगतो. ही सवय मोलाची आहे. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने ई-ऑफिस केलं तेव्हा हीच मांडणी ठेवली आहे, टिपणी एकीकडे आणि पत्रव्यवहार दुसरीकडे. पिवळी टिपणी म्हणजे मसुदा, ती बदलता किंवा टाकून देता येते. हिरवी टिपणी पुढे पाठवली की तिच्यात कोणी शब्द बदलू शकत नाही, कागदावर चिकटवायची पट्टी लावता येत होती तशी इथे लावता येत नाही. साहेबांच्या शेजारी बसून एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांना स्क्रीनवर उलटून दाखवा. मोठा मॉनिटर मागून घ्या, लहान स्क्रीनवर साठ पानं वाचायला कोणालाच आवडत नाही.

तुमच्यासाठी यात एक मोठी गोष्ट आहे. बदल्यांचं विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा राज्याचा कायदा सांगतो की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. कागदी नस्ती कोणाच्या टेबलावर किती दिवस होती हे सिद्ध करायला आवक-जावक वह्या धुंडाळाव्या लागत, आणि बोलणी बहुतेक वेळा खालच्या कारकुनाने खाल्ली. आता नस्ती कोणाकडे कधी आली आणि कधी गेली, मिनिटासह दिसतं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती नस्त्या जळाल्या हे तुमच्यासारख्यांनी जवळून अनुभवलं आहे. एका खोलीत एकुलती एक प्रत ठेवण्यातला धोका तुम्हाला वेगळा सांगायला नको.

टपाल स्कॅन करताना विषय नीट लिहा, सगळं पुढचं शोधकाम त्यावर अवलंबून आहे. मी पाहिलेल्या याद्यांत 'अर्ज', 'अर्ज मिळणेबाबत', 'कार्यवाहीबाबत' असे विषय रांगेने असतात आणि पुढच्या वर्षी त्यांतला एकही सापडत नाही. गावाचं नाव, गट नंबर, कामाचा प्रकार आणि अर्जदाराचं आडनाव, याच क्रमाने, सगळ्या टेबलांनी सारखंच लिहायचं असं ठरवून घ्या: 'मौजे अमुक, गट क्र. अमुक, वारस नोंद, अमुक आडनाव'. पुढच्या टेबलावरच्या माणसाला आणि तुमच्यानंतर त्या खुर्चीवर येणाऱ्यालाही नस्ती या चार शब्दांतल्या कोणत्याही एकावरून सापडेल.